चपलांशेजारी ठेवलेली कुबडी

मित्रांनो, हरसूलच्या एका सुताराने सागाच्या जून लाकडातून मला घडवले. काखेशी चामड्याची गादी असलेली, आता वय झालेली कुबडी, एवढीच माझी ओळख. बहिरूबाबांना मी अनेक वर्षे आधार दिला. बाजारात कोणी भेटले की ते मला उचलून दाखवीत आणि "हा माझा खरा पाय," असे कौतुकाने सांगत. त्यांच्या निधनानंतर मात्र मी माळ्यावर धूळ खात पडले.

पुढे त्यांचा मुलगा गोरक्ष सातपूरच्या एका कारखान्यात काम करीत असताना त्याच्या उजव्या पायावर लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा कोसळला. पाय वाचला, पण त्यातले बळ गेले. तेव्हा त्याची पत्नी छाया हिने गावाहून मला आणवले. बापलेकांची उंची सारखीच होती. मला कापावेही लागले नाही.

गोरक्षची नोकरी सुटली. कामगार विम्यातून अपंगत्वाचा मासिक लाभ मिळाला, तरच सातपूरची खोली टिकणार होती आणि त्यांची मुलगी सृष्टी हिची शाळा चालू राहणार होती. तो लाभ वैद्यकीय मंडळाच्या तपासणीवर अवलंबून होता.

तपासणीच्या दिवशी गोरक्षने इस्त्रीचा सदरा घातला. छाया खिडकीशी कागद जमा करीत असताना मंडळाच्या दाराशी त्याने चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी मलाही भिंतीला टेकवून ठेवले. भिंत धरून, दात आवळून तो आत गेला. आतले बोलणे मला ऐकू येत होते.

"कसं आहे आता?" डॉक्टरांनी विचारले.

"बरं आहे साहेब, तुमच्या कृपेनं."

क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसत होते आणि रुग्ण समोर उभा होता. मंडळाने कायमचे अपंगत्व नसल्याचा निर्णय दिला.

"देवळात गेला होता का, हिला चपलांत ठिवून?" छाया संतापली.

"एवढ्या मोठ्या मान्सांपुढं लाकूड टेकीत जायचं?"

"त्यांनी पायच बघायला बोलावलं होतं, सदरा नाय!"

कचेरीबाहेर राकेश नावाचा दलाल त्यांच्या मागे लागला. "वहिनी, आपली आत लय ओळख हे. फक्त निम्मं माझं."

"मग दुखणंबी निम्मं घे," छाया म्हणाली, आणि गोरक्षला घेऊन तिथून निघाली.

कामगार संघटनेच्या कार्यालयात चौकशी केल्यावर त्यांना वकील वेदिकाताईंचे नाव कळले. ताईंनी आरंभीच आपले शुल्क सांगितले. निकालाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. अपिलाची मुदत अद्याप शिल्लक होती. त्यांनी गोरक्षला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले; हाड जुळले असले तरी पायाची नस कायमची निकामी झाल्याचा अहवाल त्या तज्ज्ञांनी दिला.

"गोरक्षभाऊ," ताई म्हणाल्या, "ते काही तुमचे व्याही नाहीत. 'बरं आहे' म्हणून त्यांचं मन राखू नका. वाढवून एक शब्द नको आणि लपवूनही नको. कुबडी सोबत न्यायची."

अपिलाच्या दिवशी मी प्रथमच त्या दालनात प्रवेश केला. समोर तीन तज्ज्ञ बसले होते. मधल्या वृद्ध डॉक्टरांनी स्नेहाने विचारले, "काय, कसं आहे?"

"बरं..." गोरक्षच्या तोंडून निघून गेले. गोरक्षची माझ्यावरची पकड घट्ट झाली.

"बरं नाय, साहेब," तो म्हणाला. "पाय टेकत नाय. न्हाणीत जायलाबी बायकोचा हात लागतो. पोरीपुढं लय लाज वाटती."

असे बोलताना मी त्याला कधीही ऐकले नव्हते. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली, त्याला बसायला सांगितले आणि पायाची पुन्हा सावकाश तपासणी केली.

यथावकाश लाभ मंजूर झाला. सृष्टीची शाळा सुटली नाही.

मित्रांनो, माझ्या तळाचे रबर झिजले की ते वेळीच बदलावे, नाहीतर ओल्या फरशीवर मीच घसरते. माझी निगा एवढ्याने राखली जाते. माणसाची निगा राखणे त्याहून कठीण आहे. तुमच्या घरी कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर त्याची विचारपूस करा. आणि तो "बरं आहे" म्हणाला, तरी लगेच उठून जाऊ नका, त्याच्याजवळ थोडा वेळ बसून राहा.