आईच्या कोंबड्यांचा रंग

ताई महिनाभर राहायला आली ती मला भेटायला नव्हे, माझ्यावर लक्ष ठेवायला. तिने ते लपवलंही नाही. बॅग दारात टेकवता टेकवताच म्हणाली, "त्याने सांगितलंय, नीट बघ आणि मग मला सांग."

तो म्हणजे तिचा मुलगा, माझा भाचा. मागच्या हिवाळ्यात माझं दुधाचं पातेलं दोनदा करपलं आणि एकदा किल्ली आत ठेवून मी दार ओढून घेतलं. कुलूपवाला येईपर्यंत मी पायरीवर बसले होते आणि नेमका तेव्हाच भाचा उगवला. तेव्हापासून मावशीची स्मरणशक्ती गेली हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतात अशा एका ठिकाणी त्याने माझ्यासाठी खोलीसुद्धा बघून ठेवली होती. खिडकीतून बाग दिसते म्हणे. मला बाग नको होती, माझं घर हवं होतं. छत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले. निम्म्या गावाचे नंबर मला अजून पाठ आहेत. ते नंबर आता कुणाचेच राहिले नाहीत, पण तो काही माझा दोष नाही.

आणि माझी परीक्षा घ्यायला पाठवलं कुणाला, तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या ताईला. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि स्वतःच्या नातवंडांना एकमेकांच्या नावाने हाका मारते.

ती आली त्याच्या चौथ्या दिवशी कुरियरवाला अंड्यांचं खोकं घेऊन आला. खोक्यावर पाठवणाऱ्या बाईने तीन ठिकाणी बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं. त्याने ते बरोबर उलटं धरलं होतं. मी म्हटलं, बाण दिसले नाहीत का? तो म्हणाला, दिसले की, पण असं धरलं की हाताला बरं पडतं. आठांपैकी दोन अंडी फुटलेली निघाली.

ही अंडी साध्या कोंबड्यांची नव्हती. आमची आई ज्या जुन्या जातीच्या कोंबड्या पाळायची, त्या जातीची होती. उंच पाय, पांढरे कान, पांढरी अंडी आणि अंगाचा रंग पाटीसारखा करडा, प्रत्येक पिसाला गडद किनार. ही जात आता फारशी कुणी पाळत नाही. दोन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या एका बाईकडे ती आहे, हे शोधून काढायला मला वर्ष लागलं होतं. मला मरायच्या आधी एकदा त्या कोंबड्या दारात फिरताना बघायच्या होत्या, बस.

"करड्या?" ताई म्हणाली. "आईच्या कोंबड्या काळ्या होत्या, चिमे. काळ्याभोर. काजळी नावाची एक तर माझ्या मांडीवर झोपायची."

काजळी काळी होती हे मलाही मान्य होतं. पण बाकीच्या सगळ्या करड्या होत्या. मी त्यांच्यामागे धावले आहे, त्यांची अंडी गोळा केली आहेत, एकीने माझ्या पोटरीला चोच मारली त्याची खूण अजून आहे. मी पोटरी दाखवली. ताई म्हणाली, खुणेवरून कोंबडीचा रंग कसा कळणार? आणि मग तिने नुसतं "हं" केलं. ते "हं" संध्याकाळी फोनवरून भाच्यापर्यंत पोचलं. आतल्या खोलीतून मला ऐकू येत होतं. मावशी आता आईच्या कोंबड्यांचाही रंग बदलायला लागली आहे, असं ती सांगत होती.

म्हणजे आता माझं घर कोंबड्यांच्या रंगावर येऊन ठेपलं. पिल्लं करडी निघाली तर माझं डोकं ठिकाणावर. काळी निघाली तर बाग दिसणारी खोली.

प्रवासातून आलेली अंडी लगेच उबवायला ठेवायची नसतात. हिंदकळून आतली हवेची पोकळी जागची हललेली असते. टोकाची बाजू खाली करून ती दिवसभर स्वस्थ ठेवावी लागतात. मी ती स्वयंपाकघरात कागदी ट्रेमध्ये मांडली आणि औषधं आणायला गेले. परत येते तर ट्रे रिकामा. ताईने अंडी स्वच्छ धुऊन, पुसून फ्रिजमध्ये ठेवली होती. "अंडी फ्रिजमध्येच ठेवतात," ती म्हणाली. "बाहेर राहिली होती. म्हटलं, विसरली असेल." वर हेही भाच्याला कळवलेलं होतं.

धुतलं की अंड्याच्या कवचावरचा संरक्षणाचा थर जातो, हे मी तिला शांतपणे सांगितलं. निदान सुरुवात शांतपणे केली.

दुसऱ्या दिवशी सहाही अंडी मी उबवणीच्या पेटीत ठेवली. थर्मोकोलची पेटी, वर काचेची खिडकी, आत साडेसदतीस अंश आणि पाण्याची वाटी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी सातला फुली वर, दुपारी दोनला गोल वर, रात्री नऊला पुन्हा फुली. दुसऱ्या दिवशी सगळं उलट. अठरा दिवस मी एकदाही चुकले नाही. हे कुणी भाच्याला सांगितलं नाही. ताई मात्र येता जाता झाकण उघडून बघायची आणि तेवढ्यात पेटीतली सगळी ऊब निघून जायची. मी ओरडले की म्हणायची, "अगं, गुदमरतील ती." सातव्या दिवशी खोलीत अंधार करून मी टॉर्चवर एकेक अंडं धरलं. चारांमध्ये लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन रिकामी होती. ती कुठली, धुण्याने गेलेली की हिंदकळण्याने, हे कळायला मार्ग नव्हता. मी दोष दोघांनाही दिला.

एकविसाव्या दिवशी सकाळी एका अंड्यातून चिवचिव आली. ताई खुर्ची ओढून पेटीसमोर बसली ती जेवायलाही उठेना. मी तिच्या हातांवर नजर ठेवून बसले. संध्याकाळपर्यंत दोन पिल्लं बाहेर आली. तिसऱ्याने कवचाला छिद्र पाडलं आणि ते तिथेच दगावलं. चौथं हललंच नाही.

पिल्लं वाळली तेव्हा एक काळं होतं, पोट तेवढं पांढरट. दुसरं मळक्या पांढऱ्या रंगाचं. करडं एकही नव्हतं.

ताईने काळं पिल्लू ओंजळीत घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी फोन घेऊन सरळ बाहेर आले.

अंडीवाल्या बाईने माझं सगळं ऐकून घेतलं. मी जरा जास्तच बोलले. मग ती म्हणाली, "आजी, करड्यातून सगळी करडी कधीच येत नाहीत. करड्या जोडीला काही करडी होतात, काही काळी, काही पांढरी ठिपकेवाली. जातच तशी आहे. सगळी करडी हवी असतील तर काळ्याची आणि ठिपकेवाल्याची जोडी लावायची."

मग हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तुम्ही रंग सांगितलात, त्या रंगाच्या जोडीची अंडी मी पाठवली, ती म्हणाली. तिचंही खरं होतं.

फोन ठेवला आणि मी तशीच उभी राहिले. काळी आणि ठिपकेवाला. ताई लग्न होऊन गेली तेव्हा ती सतराची होती आणि मी सातची. त्याच वर्षी आई कुठूनशी एक पांढरा, निळसर ठिपक्यांचा कोंबडा घेऊन आली होती. मोठा कजाग होता, माझ्या पोटरीची खूण त्याचीच. कोंबडीची नव्हे. सदुसष्ट वर्षं मी तो कोंबडा साफ विसरले होते. म्हणजे ताई होती तोवर कोंबड्या काळ्याच होत्या; करड्या झाल्या त्या ती गेल्यावर, या कोंबड्यामुळे.

ही गोष्ट आत जाऊन सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. सांगितली तर मी विसरते हे सिद्ध. नाही सांगितली तर पिल्लं काळी-पांढरी आहेतच. शेवटी सांगितली, कारण न सांगता ताईसमोर बसणं मला जमलं नसतं.

तिने सगळं ऐकलं. पिल्लू अजून तिच्या हातात होतं. मला वाटलं, आता म्हणेल, म्हणजे तू विसरलीस. पण तिने विचारलं, "मी गेल्यावर काजळी किती दिवस होती?"

"दोन वर्षं. सगळी करडी पिल्लं तिची आणि तिच्या बहिणींची."

"मला कुणी कळवलं नाही."

"तू विचारलं नाहीस, ताई."

"कसं विचारणार होते? तिथे सासूसमोर पत्रात काय लिहू, माझी कोंबडी कशी आहे?" तिने पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं. "कशी गेली?"

मी सांगितलं. थंडीच्या दिवसांत, म्हातारी होऊन, आईच्या मांडीवर. आईने त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. हे मला अगदी लख्ख आठवत होतं. ताईने आणखी विचारलं आणि मी सांगत गेले. तिच्यामागे त्या घरात झालेलं जे जे मला ठाऊक होतं ते सगळं, आई संध्याकाळी दारात उभी राहून कोणत्या बाजूला बघायची तेसुद्धा.

भाच्याचा फोन आला तेव्हा ताईने तो माझ्यासमोरच घेतला. त्याने विचारलं असणार, काय ठरवलंस. ती म्हणाली, "तिला सगळं आठवतं. उशिरा आठवतं, पण आठवतं. मला तर तेवढंही आठवत नाही. आधी माझ्यासाठी कुठली खोली बघितली आहेस ते सांग."



"आणि मी इतक्यात येत नाहीये," ती पुढे म्हणाली. "ही दोन मोठी व्हायला सहा महिने लागतील. मग अंडी, मग एकवीस दिवस. करडी पिल्लं बघितल्याशिवाय मी हलणार नाही."

मला कुणी विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी तिला सांगितलं की यातलं एक कोंबडा आणि एक कोंबडी असेलच असं नाही, दोन्ही कोंबडे निघाले तर सगळं मुसळ केरात. ती म्हणाली, "मग पुन्हा अंडी मागवू. या वेळी मी धुणार नाही."

एवढं बोलून तिने पेटीचं झाकण उघडलं.