पंखातला सांधा

अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावाच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधल्या एका भाड्याच्या कोठारात, बार्नमध्ये, पुरुषोत्तम आणि चंद्रशेखर यांचं बिनइंजिनाचं ग्लायडर उभं होतं. दोघे कॉलेजातले दोस्त, हडपसरला एकाच उन्हाळ्यात ग्लायडिंग शिकलेले. अमेरिकेत आले, नोकरी-संसारात बुडाले, आणि पन्नाशी उलटल्यावर हा जुना सांगाडा विकत घेऊन दुरुस्त करत बसले.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन सैन्याने शिकाऊ पायलटांसाठी बनवून घेतलेल्या ग्लायडरांपैकी ते एक. त्याआधी बहुतेक ठिकाणी शिकणाऱ्याला एकट्यालाच वर सोडत आणि मास्तर खालून ओरडत. यात एकामागे एक दोन सीट होत्या, दोन्हीकडे ग्लायडर वळवायचा दांडा, दोन्हीकडे पेडल. पुढच्याचं चुकलं तर मागचा सावरून घेणार. धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडाचे, वरून कापड.

१९८४च्या उन्हाळ्यात चंद्रशेखरला पोटाचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलमधून तो घरी न जाता थेट बार्नवर आला.

"पुरू, आता वीकेंड-वीकेंड खेळत बसू नकोस यार. पानं गळायच्या आत मला पुढच्या सीटवर बसव. मागे तू."

पुरुषोत्तमने रजा टाकली. सकाळपासून तो तिथेच असायचा. चंद्रशेखर खुर्ची टाकून बसे, सूचना करी, मध्येच डोळे मिटून घेई.

सप्टेंबरात डाव्या पंखाचं प्लायवूड उघडलं आणि पुरुषोत्तमचे हात थांबले. पंखाच्या कण्याला, स्पारला, जिथे जोड होता तिथे चाकूचं पातं अलगद आत गेलं. त्या काळचा दुधापासून केलेला सरस; ओल लागून त्याची भुकटी झाली होती.

"किती वाईट आहे?" चंद्रशेखरने विचारलं.

"नवा स्पार करावा लागेल. वर्ष जाईल."

"बाहेरून दिसतं का?"

"नाही."

"मग चढव कापड."

"शेखर, वर गेल्यावर पंख निखळला तर?"

"तर काय होईल? मी मरेन?" चंद्रशेखर हसला. "तू नको येऊस. मी एकटा जातो."

"तुला दांडा तरी धरवतो का आता?"

शब्द तोंडातून निसटले. चंद्रशेखरने आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठला, भिंतीचा आधार घेत गाडीपर्यंत गेला. पुरुषोत्तम मागे धावला, तर त्याने काच वर केली.

त्यानंतर पुरुषोत्तम चार-पाचदा त्याच्या घरी गेला. दर वेळी चंद्रशेखरची बायको कांचन दारातच म्हणे, "भावजी, ते झोपलेत." आतून टीव्हीचा आवाज येत असे. शेवटी हॉस्पिटलमध्ये भेट झाली, तेव्हा चंद्रशेखरने त्याला ओळखलं आणि मान भिंतीकडे वळवली. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी तो गेला.

अंत्यविधीनंतरच्या शनिवारी पुरुषोत्तमने दोन शेजारी मदतीला घेऊन तो डावा पंख उतरवला आणि सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर उलटा ठेवला; उडताना हवा पंखाला खालून वर रेटते, म्हणून उलटा. शेजारी गेल्यावर त्याने वाळूच्या पिशव्या रचायला सुरुवात केली. शांत हवेतल्या एका छोट्या फेरीत पंखावर जेवढा भार येईल तेवढा आधी टाकला. मग त्यावर आणखी.

पंख वाकला, करकरला.

"तूट," तो पुटपुटला. "तूट ना रे."

पिशव्या संपल्या. तो पंखावर ओणवा झाला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. सांधा सुटला नाही.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. जमिनीवरची वाळू वेगळी आणि वरचा वाऱ्याचा झोत वेगळा, एकदा तगला म्हणजे दर वेळी तगेल असं नाही, कुठलाही इंजिनिअर हेच सांगेल. वसुधा ऐकत राहिली.

"मग बरोबरच केलंत ना तुम्ही," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला, आणि बूटही न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिला.