करवतीचा घसा

"केतके, पेट्रोलात तेल घातलं हुतं का इचार की! कोरडं पेट्रोल घालून मशीन पळीवलं तर दुसरं काय हुनार?"

यादवराव बोलत होते लेकीशी, पण ओट्याशी चहा गाळणाऱ्या जावयाला, सुशांतला, ऐकू जाईल अशा बेतानं. जावयाला तोंडावर बोलायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. म्हणून तीन दिवस सगळा मारा केतकीवर चालला होता.

परदेशात, हेन्डरसन उपनगराच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला केतकीनं हौसेनं चार एकर जमीन घेतली होती. २००६ च्या जुलैतल्या वादळात मॅक्रोकार्पा जातीचं थोरलं झाड कुंपणावर आडवं झालं. शेजाऱ्याचा बैल त्या खिंडारापाशी येऊन उभा राहू लागला. झाड कापायला सुशांतनं इंजिनाची करवत चालू केली. ती दहा मिनिटं धडाडली आणि खट्‌कन बंद पडली.

सुशांतनं गाळणं आपटलं. "केतकी, मी तेल मापानंच घातलं होतं. फार्मसीत दिवसभर दुसरं काय करतो मी? पण बास. खूप ट्राय केलं. हे रान मला नाही जमत. विकून टाकू."

तो बाहेर गेला. केतकीचे डोळे भरले. "झालं समाधान, बाबा?"

यादवरावांना बसवेना. गमबूट चढवून ते चिखलातून शेडकडे निघाले. वारा नुसता अंगावर येत होता. गावाकडं तीस वर्षं पंपाची इंजिनं उघडलेला हा माणूस, पण आपलं निदान चुकेल असं वाटलंच नव्हतं, म्हणून करवतीचं इंजिन उघडलं नव्हतं. आता त्यांनी सायलेन्सर काढला, मग सिलिंडर उचलला.

तेल नसतं, तर पिस्टन चहूबाजूंनी खरवडला असता. हा मागून, बाजूनं आरशासारखा गुळगुळीत. फक्त धूर जायच्या भोकाच्या बाजूला त्याचा लचका तुटलेला, तिथंच रिंगही मोडलेली. ते भोक गेल्याच पंधरवड्यात यादवरावांनी कानस घेऊन रुंद केलं होतं. "घसा मोकळा करतो, बघ कशी पळती," असं वर लेकीला ऐकवलंही होतं. त्यांनी आत बोट फिरवलं. कड सुरीसारखी धारदार. गोल करायची राहिली होती. रिंग त्या रुंद भोकात फुगली आणि कडेला अडकली.

त्यांनी पिस्टन खिशात घातला. कुंपणापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. इथं कुणाला कळणार होतं? बैल मात्र टक लावून बघत होता. लाजेनं त्यांचे कान तापले.

सुशांत गाडीपाशी उभा होता. केतकी पायरीवर.

"केतके, त्यास्नी सांग..." यादवराव अडखळले. मग थेट त्याच्यासमोर गेले, पिस्टन त्याच्या हातावर ठेवला. "जावईबापू, तेल बराबर हुतं. भोक म्या वाढीवलं आन् कड तशीच ठिवली. चूक माजी हाय. तुमास्नी उगा बोललो."

सुशांतनं तुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"सिलिंडर वाचेल का, मामा?"

"वाचंल. पिस्टन, रिंग नवी घालू, पर आदी कड घासाय पायजे. म्या काय आता कानशीला हात लावनार न्हाई."

सुशांतनं जॅकेट काढून गाडीवर टाकलं. "द्या कानस. किती घासायची?"

यादवरावांनी सवयीनं मान वळवली. "केतके, त्यास्नी म्हनावं..."

"मी चालले भाकरी टाकायला," केतकी म्हणाली. "तुमचं तुम्ही बोला."