हात सुटला की निघायचं

रस्ता ओलांडताना सासूबाई सुनेचा हात धरत, आणि कुणी पाहिलंच तर म्हणत, "हिला गाड्यांची फार भीती वाटते हो." सून मान खाली घालून हसे. खरं तर सासूबाईंच्या डाव्या डोळ्याने केव्हाच रजा घेतली होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. सून नेहमी त्यांच्या डाव्या अंगाने चालायची. तिने मनगट दाबलं की थांबायचं, हात सोडला की निघायचं. हे दोघींनी कधी बसून ठरवलं नव्हतं, चालता चालताच ठरून गेलं होतं.

आज मात्र ओलांडायची होती ती देशाची हद्द. पलीकडच्या दवाखान्यात सासूबाईंची धाकटी लेक बाळंतपणाला दाखल झाली होती. पहिली खेप, उद्या सकाळी पोट उघडून बाळ काढणार होते. जवळ बसायला माहेरचं कुणी नाही. परवाना फक्त आजच पलीकडे जाण्याचा, आणि फाटक संध्याकाळी बंद होणार. सुनेचा जीव घरून निघाल्यापासून टांगणीला लागला होता. मनात देवाचं नाव चाललं होतं आणि मध्येच तुटत होतं.

नाक्यावरच्या दालनात जमिनीवर पिवळी रेघ होती. दिवा हिरवा झाला की एकेकाने रेघेपलीकडच्या खिडकीशी जायचं. दिवा डावीकडच्या भिंतीवर होता.

"आई, दिवा बघून जायचंय हं."

"मला शिकवू नकोस. तू रांगत होतीस तेव्हापासून मी उंबरठे ओलांडतेय."

दिवा डावीकडे आहे, हे वाक्य सुनेच्या ओठांपर्यंत आलं. मागे एवढी माणसं, त्यांच्यासमोर कसं बोलायचं? तिने ते गिळलं.

"ओ ताई, मागे व्हा," पहारेकरी म्हणाला. "हात सोडा त्यांचा. एकेकाने."

तिने हात सोडला.

आणि सासूबाई निघाल्या. दिवा लालभडक होता, आणि या पदर सावरत ताठ मानेने रेघ ओलांडून चालू लागल्या. शिट्टी वाजली. "थांबा! ओ आजी!" काही सुचायच्या आत सूनही रेघेपलीकडे धावली आणि तिने मनगट घट्ट दाबलं. सासूबाई जागच्या जागी थांबल्या.

"दोघी बाजूला," पहारेकरी म्हणाला.

अधिकारी खिडकीतून बाहेर आला. त्याने पिशवी उपसायला लावली. झबली, टोपरी, मऊ धुतलेले जुने कपडे, सगळं टेबलावर पसरलं. "एवढी पळायची घाई कसली होती?"

"साहेब, त्यांना ऐकू कमी येतं," सून घाईने म्हणाली.

"काय?" सासूबाई कडाडल्या. "माझे कान अजून शाबूत आहेत! काहीतरी काय सांगतेस?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्याच्या कपाळावरची आठी मात्र वाढली. "म्हणजे खोटं बोलताय. तुम्ही एका खोलीत बसा, तुम्ही दुसरीत. चौकशी आता उद्याच."

उद्या. तोवर परवाना संपलेला, बाळ होऊन गेलेलं. सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या एका टोपऱ्याची नाडी बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"तिला बोल लावू नका," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली आला होता की अधिकाऱ्याला वाकावं लागलं. "मला डावीकडचं दिसत नाही. बऱ्याच वर्षांपासून. ही हात सोडते, मग मी निघते. तुम्ही सोडायला लावलात... मला वाटलं, वाट मोकळी आहे."

अधिकाऱ्याने त्यांच्या डाव्या बाजूने हळूच हात हलवला. सासूबाईंची पापणीही लवली नाही. तो क्षणभर टोपऱ्याकडे बघत राहिला.

"आवरा ते," तो म्हणाला. "आणि दोघी एकदमच जा. हात धरून."

बाहेर दवाखान्याचा रस्ता समोरच होता. पण या देशात गाड्या उलट्या बाजूने धावत होत्या. पहिली गाडी यायची ती डावीकडूनच. एवढं सगळ्यांसमोर बोलावं लागल्यावर सासूबाई आता हात धरू देतील की झटकतील, सुनेला कळेना.

सासूबाई कडेला थांबल्या. आजूबाजूला माणसं होती. त्यांनी मनगट पुढे केलं.

"धर गं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मला दिसत नाही. आणि नीट दाब, मघाशी वेंधळ्यासारखा सोडलास."