तारीख नसलेली चिठ्ठी

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. लाकडी मूठ, पितळी चौकट आणि पोटात दिवस, महिना, वर्ष असे तीन रबरी पट्टे. मुठीवरचं पॉलिश केव्हाच उडालं. पण मित्रांनो, एके काळी चांगल्या चांगल्या घरच्या मुलांचं नशीब माझ्या एका ठप्प्यावर ठरत असे. ही बढाई नाही. असलीच तर थोडीशी.

कारखान्यातल्या बाईंनी माझ्या पट्ट्यावर बाराच वर्षं बसवली. बारा पुष्कळ झाली, असं त्या शेजारणीला म्हणाल्याचं आठवतं. पुढे शिक्षण खात्यातल्या एका साहेबांनी मला विकत घेतलं आणि घरच्या टेबलावर ठेवलं. गावातल्या सर्वात नावाजलेल्या खासगी शाळेचे मुख्याध्यापक त्यांचे वर्गमित्र. त्यामुळे प्रवेशाचे दिवस आले की नातेवाईक आणि नातेवाइकांचे नातेवाईक आमच्याकडे येत. काही जण तर नातं सांगता सांगता स्वतःच गोंधळून जात. खुर्चीच्या कडेवर बसत, पाणी नको म्हणत, मुलांच्या उंचीविषयी बोलत आणि मग हळूच चिठ्ठीची गळ घालत. साहेबांना नाही म्हणता येत नसे. 'या मुलाला मी चांगला ओळखतो,' असं ते प्रत्येक चिठ्ठीत लिहीत. मग तो मुलगा त्यांनी पाहिलेला असो वा नसो.

आता एक गुपित सांगतो. शाळेत साहेबांच्या शब्दावर वर्षाला दोनच मुलं घेतली जात. म्हणून दोघा मित्रांनी आपसांत ठरवलं होतं. चिठ्ठीवर माझी जांभळी तारीख असेल तर त्या मुलाला घ्यायचं. तारीख नसेल तर चिठ्ठी नुसती मान राखण्यापुरती. बाकीचे लोक साहेबांचे पुन्हा पुन्हा आभार मानून तारीख नसलेली चिठ्ठी खिशात घालत. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. ज्यांना असा मामा किंवा काका नव्हताच, त्या मुलांचा विचार तर माझ्या डोक्यात कधी आलाही नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी दोन्ही जागा लवकर गेल्या. एक वरिष्ठांच्या नातवाला आणि दुसरी साहेबांच्या पत्नीच्या भाच्याला. त्यानंतर साहेबांची धाकटी बहीण आली, दहा वर्षांच्या मुलाला घेऊन. सुट्टीत हा भाचा मामाकडेच राहायचा. बिघडलेली घड्याळं उघडून बसायचा. साहेबांनी नेहमीचं वाक्य लिहिलं. यावेळी मात्र ते शब्दशः खरं होतं. सही झाली. त्यांचा हात माझ्याकडे आला, मुठीवर थांबला आणि परत गेला. बहीण समाधानानं चिठ्ठी घेऊन गेली. त्या मुलाला प्रवेश मिळाला नाही.

बघता बघता माझ्या पट्ट्यावरची वर्षं संपली. त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले, शाळेचे मुख्याध्यापकही बदलले. जांभळ्या तारखेचा अर्थ जाणणारं तिथं कुणी उरलं नाही. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी. ज्याच्या ठप्प्यासाठी लोक ताटकळायचे, त्याला आता कुणी झटकतही नव्हतं. मी खूप रडलो असतो, पण माझी शाईसुद्धा सुकली होती.

गेल्या महिन्यात ती बहीण पुन्हा आली. केस पांढरे झालेले. तिच्या नातीला त्याच शाळेत घालायचं होतं आणि अर्जाची मुदत दोन दिवसांत संपणार होती. पण मुलीचा बाप, म्हणजे तोच भाचा, अर्ज भरायलाच तयार नव्हता. आपल्या घरात तेवढी अक्कल नाही, उगाच पोरीचं हसं कशाला, असं त्याचं म्हणणं. हा माणूस आज मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो.

साहेबांनी सवयीनं कागद पुढे ओढला. तेवढ्यात बहीण शांतपणे म्हणाली, "दादा, या वेळी तारीख टाकशील ना?"

साहेबांचं पेन थांबलं. बहिणीनं पर्समधून जुनी चिठ्ठी काढली. नाकारलेल्या अर्जाबरोबर शाळेनं ती परत दिली होती. त्या दिवशी वहिनीचा भाचा तिच्याच पुढे रांगेत उभा होता आणि त्याच्या चिठ्ठीवरची जांभळी तारीख तिनं पाहिली होती. अर्थ पुढे कधीतरी उमगला.

"मला आधी राग आला, मग तुझी अडचणही कळली," ती म्हणाली. "पण मामाची चिठ्ठी असूनही घेतलं नाही म्हणजे मीच ढ, हे त्याच्या मनात बसलं ते बसलंच. तू दुखावशील म्हणून मीही त्याला खरं सांगितलं नाही. चुकलंच माझं."

साहेबांनी पुढे ओढलेला कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "माझ्या चिठ्ठीला आता तिथं कुणी विचारत नाही. दिली तर पुन्हा फसवल्यासारखंच होईल."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढलं. कोरड्या पॅडवर शाईचे थेंब टाकले. पट्टे फिरवले. मित्रांनो, आजची तारीख माझ्याजवळ नव्हती. ती चिठ्ठी लिहिली ते वर्ष मात्र होतं. साहेबांनी मला त्या जुन्या चिठ्ठीवर सहीखाली दाबलं. ठसा अर्धवट उमटला, म्हणून आणखी एकदा दाबलं.

"त्याला दाखव," ते म्हणाले. "सांग, मामानं जागा दुसऱ्यांना दिली होती. तू ढ नव्हतास."

दुसऱ्या दिवशी भाचा मुलीला घेऊन आला. बसला, पण नजर वर करेना. साहेबही खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी त्यानं खिशातून कोरा अर्ज काढला आणि विचारलं, "मामा, पेन आहे का?" आमच्याच टेबलावर त्यानं तो भरला. मुलीनं तोवर मला उचलून स्वतःच्या तळहातावर चार ठप्पे मारले. इतक्या लाडानं मला कुणी हाताळलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, एवढं तर मी मागणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. कुणाला नाही म्हणायचं असेल तर तोंडावर म्हणा. तुमचा खोटा होकार घेऊन एखादं पोर वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसतं.

त्या मुलीचा अर्ज चिठ्ठीशिवाय गेला आहे. यादी अजून लागलेली नाही. यादीत तिचं नाव असेल किंवा नसेल. नसलं, तर का नाही, हे या वेळी तिला कुणीतरी खरं सांगेल.