स्टार्टरचा दांडा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात वीज गेली की दोन रोलांत रबर मळणाऱ्या मिलच्या स्टार्टरचा दांडा आपोआप खाली पडायचा. वीज आल्यावर कुणी तो वर करेपर्यंत गंधक घातलेलं रबर गरम रोलांवर जागच्या जागी पिकून कडक व्हायचं. त्याला स्कॉर्च म्हणत. माल फुकट जाई आणि शिव्या मिलवाल्याला बसत. म्हणून शहाण्यांनी दांडा रबराच्या पट्टीनं वरच बांधून टाकलेला, वीज आली की मिल आपोआप सुरू. सोय म्हणे! आग लागो त्या सोयीला.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात निफाडकडचा सहादू मिलवर होता. टेंपरवारी माणूस, पर्मनंट होण्याची वाट बघणारा. दुपारी साहेब जेवायला गेलेले. रोलांच्या फटीत रबर लोटताना सहादूचा हातमोजा ओढला गेला आणि त्याच क्षणी वीज गेली. बोटांची टोकं आत अडकली.

"मालनबाई, हात निघत नाय," तो म्हणाला. "लाइट आली तर गेला माझा हात."

मी पलीकडे वॉशरच्या कडेचं जास्तीचं रबर कातरत होते. प्रेसवरचा शफी फट वाढवायचं चाक फिरवायला धावला. चाक कुठलं हलतंय! सहादू नुसता त्या फटीकडे बघत होता.

"मालनताई, पट्टी काटो पैले!" शफी ओरडला.

कातर घेऊन धावले. मेल्यांनी वेढ्यावर वेढे दिलेले. कातर आत शिरेना, हाताला घाम सुटलेला. शेवटचा वेढा तुटला आणि दांडा धाडकन खाली आला. मी भिंतीला टेकतेय तोवर दिवे लागले, पंखे फिरायला लागले. मिल तेवढी गप्प राहिली.

मग कुठे चाक हललं. दोन बोटांची नखं गेली होती, पण बोटं पाचही जागेवर होती. सहादू खाली बसून लहान पोरासारखा रडला.

"मेलो तरी हितं परत येनार नाय!"

"नको येऊस रे बाबा," मी म्हटलं. मलाही रडू आलं. साहेब यायच्या आत शफीनं रक्त पुसून काढलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर पोचले, तर सहादू माझ्या आधीच रांगेत. हात पँटच्या खिशात खुपसलेला.

"साहेबाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "घरी बसवत्याल."

मी कशाला सांगते? मीही टेंपरवारीच होते.