दमयंतीसाठी रंग घोटणारा खल

मी एक जुना दगडी खल आहे. नावेसारखा लांबट, काळा आणि पोटात गुळगुळीत. मित्रांनो, तुमच्या स्वयंपाकघरात मिरी कुटायला जो उभा खलबत्ता असतो, तो माझा दूरचा भाऊ. तो कुटतो, मी घोटतो. त्याचं काम ठणठणाटाचं, माझं सावकाशीचं. सध्या माझा मुक्काम लालबागच्या एका चाळीत, खिडकीखालच्या ओट्यावर आहे. शेजारीपाजारी मला बघायला येतात, म्हणून म्हटलं, माझी हकिगत एकदा नीट सांगून टाकावी.

माझा जन्म पाथरवटाच्या छिन्नीखाली झाला. त्याने मला घडवलं आणि मग दुसऱ्या दगडाने पाणी घालघालून माझं पोट इतकं घासलं, की त्यावरून बोट फिरवलं तर कुठे अडत नसे. सोबत मला माझा बत्ता मिळाला. आम्ही दोघं गिरगावात हेरंब वैद्यांच्या औषधालयात आलो.

हेरंब वैद्य मोठे चिकाटीचे माणूस. औषध स्वतः घोटायचे. बाहेर माणसं खोळंबलेली असली तरी त्यांचा हात भरभर चालत नसे. पूड झाली असं वाटलं की ते तिची चिमूट अंगठा आणि बोटात चोळायचे. पूड बोटांच्या बारीक रेषांत शिरली तरच काम झालं. नाहीतर "अजून उतरत नाही रेषेत," असं स्वतःशीच म्हणून पुन्हा सुरुवात. कुणी घाई केली तर ते हसून म्हणत, "अहो, माझी घाई तुमच्या पोटाला बाधेल." आलेल्या माणसाला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा माझा उजवा हात." मला तेव्हा फार अभिमान वाटे.

वैद्य गेले. त्यांच्या मुलाला बँकेत नोकरी होती. औषधालयाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं. बरण्या भंगारात गेल्या. मला वैद्यांच्या सूनबाई, आनंदीबाई, घरी घेऊन गेल्या. बत्ता माळ्यावर गेला आणि मी दाराशी. चौपाटीकडून वारा सुटला की त्यांचं दार आपटायचं. ते आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवलं. आनंदीबाईंना मी दोष देत नाही. त्यांना मी दगड दिसत होतो, आणि दगड तर मी आहेच. पण इतकी वर्षं पोटात धुळीखेरीज काही पडलं नाही, याचं वाईट वाटायचं.

मग एका दुपारी माझ्यावर कुणाच्या तरी पायाचा अंगठा आपटला.

"आई गं!" म्हणत एक मुलगी खाली बसली. ती मेघना. लग्नात नवरीमुलींना सजवण्याचं काम ती करायची, आणि आनंदीबाईंचे केस कापायला अधूनमधून घरी यायची. अंगठा चोळता चोळता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने धूळ पुसली, पोटावरून हात फिरवला आणि अंगठ्याचं दुखणं विसरून विचारलं, "काकू, हा खल तुम्ही दाराला लावलाय?"

"अगं, वाऱ्याने दार आपटतं ना."

"मला द्याल? मिक्सरमध्ये माझी पूड जाडसर राहते हो. आणि भांडं तापतं, मग रंगच बदलतो. मी बाबांसाठी मेकअप बनवायचा प्रयत्न करतेय. झाडापाल्याचा."

आनंदीबाईंना हसू आलं. "बाबांसाठी मेकअप?"

तेव्हा मेघनाने दाराशी बसूनच सगळं सांगितलं, आणि मीही ते ऐकलं.

तिचे वडील प्रफुल्ल वरळीच्या एका ऑफिसात लिफ्टमन. दिवसभर खाकी कपड्यांत वर-खाली करणारे. पण सणासुदीला ते दशावतारी नाटकात काम करायचे. देव-राक्षसांच्या कथांचं हे कोकणातलं नाटक लालबाग-परळच्या माणसांनी मुंबईतही जपलेलं आहे. त्यात बायकांची कामं पुरुषच करतात, आणि तोंड ज्याचं त्याने रंगवायचं. प्रफुल्ल दमयंती व्हायचे. ज्या बायांनी ती पाहिली होती त्या सांगत, की ही बाई रानात एकटी हिंडायला लागली की आपल्याच लेकीला कुणी सोडून गेल्यासारखं काळजात होतं.

पण वर्षानुवर्षं जो स्वस्तातला रंग ते तोंडाला फासत होते, त्याने कातडीचं वाटोळं केलं होतं. आधी खाज, मग लाल चट्टे, मग डोळ्यांखाली सूज. परळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की हा रंग आता तोंडाला लागता कामा नये. नाटकमंडळीचे प्रमुख तात्या घरी येऊन म्हणाले होते, "प्रफुल्ला, तुझी तब्येत आधी. औंदा दमयंती दुसऱ्याक देऊया."

"बाबा तात्यांना हो म्हणाले," मेघना म्हणाली. "पण तेव्हापासून ते घरात गुणगुणतच नाहीत, काकू. दाढी करतानासुद्धा नाही."

आनंदीबाई उठल्या. शेजारच्या मुलाकडून त्यांनी माळ्यावरचा बत्ता काढवला आणि पदराने पुसून मेघनाच्या हातात दिला. "घेऊन जा. सासरे असते तर मला रागावले असते, वैद्याचा खल दाराशी ठेवला म्हणून. दाराला मात्र दुसरा दगड आणून दे हो."

असा मी लालबागला आलो. आणि मित्रांनो, काय सांगू, माझं पोट पुन्हा भरलं! 

सुरुवात मात्र फजितीची होती. मेघनाने तांदळाची पिठी घोटून तोंडाला लावली. ती सुकली आणि मेघना हसली, तर गालावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडल्या. मग बीट आलं. काय सुंदर लाल! पण ते तेलात मिसळेना. ओठांवर लावलेलं बीट चहाच्या पहिल्या घोटाबरोबर कपाला लागलं. हळदीने तिचं कपाळ पिवळं झालं आणि त्याच कपाळाने तिला दादरला एका नवरीच्या घरी जावं लागलं. नवरीच्या आईने विचारलं, "तुझीही हळद आहे का गं?"

मला तिचं कौतुक वाटायचं ते यासाठी, की प्रत्येक वस्तू ती आधी स्वतःवर लावून बघायची. गालावर लाली यावी म्हणून तिने एकदा दालचिनीची पूड लावली. लाली आली खरी, पण ती भाजल्याची. तरी ओला रुमाल गालाला धरून ती मला धूत होती आणि म्हणत होती, "हे बाद."

एक चूक मात्र फार लागली. बाजारातून तिने 'शंभर टक्के ऑरगॅनिक' लिहिलेली एक डबी आणली. झाडापाल्याचंच आहे, म्हणून न थांबता तिने ते वडिलांच्या हनुवटीला लावलं. संध्याकाळी हनुवटी टोमॅटोसारखी झाली. तिला वाईट वाटू नये म्हणून प्रफुल्लनी हनुवटी हाताने झाकून घेतली. ते बघून मेघना मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. घरी आल्यावर तिने मला पुसता पुसता वडिलांना पुन्हा बजावलं, "त्या काय म्हणाल्या ऐकलंत ना? झाडापासून आलं म्हणून सोसेलच असं नसतं. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायची आणि वाट बघायची. एका वेळी एकच वस्तू. आणि डोळ्यांच्या आत काही घालायचं नाही. तुम्ही कंटाळलात तर सांगा, बाबा. मी थांबवते."

प्रफुल्लनी माझ्या पोटावरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "आये टाचांक भिरंडेल लावायची. तुका ठावक आसा? कोकमाच्या बियांचा घट्ट तेल. माका ल्हानपणी ओठांक पण लावी. कधी काय झाला नाय."

गावाहून भिरंडेल आलं. पांढरं, साबणाच्या वडीसारखं. मेघनाने ते वडिलांच्या कोपराला आतून लावलं. वाट पाहिली. काही झालं नाही! त्यात थोडं मधमाशांचं मेण वितळवलं, आरारूट घातलं आणि ती मला घेऊन बसली. आरारूट त्या तेलात असं मुरलं, की माझ्या पोटात साय धरल्यासारखं झालं. तो लेप तोंडावर फाटत नव्हता. लालीसाठी गावाहूनच शेंदरीच्या बिया आल्या. बीट तेलाशी जे करायला तयार नव्हतं, ते शेंदरीने हसत केलं. तिचा केशरी-तांबडा रंग तेलात उतरला. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी धरून काजळी जमवली, ती भुवयांसाठी.

हे सगळं एका दमात झालं नाही. प्रत्येक वस्तू कोपरावर बसायची आणि अनोळखी पाहुण्यावर ठेवावी तशी बापलेक तिच्यावर नजर ठेवून असायचे. कधी कधी प्रफुल्ल कामावरून येऊन चप्पल काढायच्या आत बाही वर करायचे. "बघ गो, आज कसा दिसता?" ज्या दिवशी पूर्ण रंग सोसतो असं दिसलं, त्या दिवशी ते दाढी करताना गुणगुणले. मेघना माझ्याशेजारी उभी होती. तिने बत्ता खाली ठेवला आणि नुसती ऐकत राहिली.

तात्यांना पटवणं बाकी होतं. त्यांनी लेप हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मेघना, हो नाटकाचो रंग आसा, बीटाची कोशिंबीर नाय! दिव्यांखाली घाम येतलो, सगळा वघळतला. मग लोक माका हसतले."

"तात्या, रंग ओघळला तर पुन्हा मी कधी शब्द काढणार नाही," मेघना म्हणाली. "पण एकदा बघा तरी."

तात्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्ल खाली बघत होते. "बरां," तात्या म्हणाले. "माघी गणपतीक प्रभादेवीक प्रयोग आसा. तेका रंगव."

त्या संध्याकाळी मेघना मला पिशवीत घालून टॅक्सीने घेऊन गेली. मी पडद्यामागे एका बाकावर होतो. मंडपात उकडत होतं. तिने शेवटचा हात माझ्यात फिरवून लेप मऊ केला आणि बोटांनी वडिलांच्या तोंडावर चढवायला सुरुवात केली. कपाळ, गाल, मान. मग शेंदरीची लाली, ओठ, भुवया. एरवी तोंड ज्याचं त्याने रंगवायचं, पण त्या दिवशी प्रफुल्लनी डोळे मिटून तोंड लेकीपुढे धरलं होतं. डोळे उघडले तेव्हा बाकावर लिफ्टमन नव्हते. दमयंती बसली होती. तो रंग जुन्या रंगासारखा पांढराफटक नव्हता. त्याखालून माणसाची कांती दिसत होती. नळाला छळणाऱ्या कलीचं काम करणारे तात्या काळा रंग फासता फासता थांबले आणि बघत राहिले.

नाटक मला दिसलं नाही. मी पडद्यामागचा. पण पखवाज ऐकू आला, आणि मग तो थांबलाही. नळ राजा रानात झोपलेल्या दमयंतीला सोडून निघून गेला होता. ती जागी झाली. तिने हाक मारली. झाडांना विचारलं, डोंगराला विचारलं. प्रफुल्ल इतके दिवस या कामावाचून जे झुरले होते, ते सगळं त्या हाकेत होतं. मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. मेघना पडद्याच्या फटीतून बघत होती. तिची बोटं माझ्या कडेवर घट्ट आवळलेली होती आणि ती पुटपुटत होती, "टिकू दे. टिकू दे."

भुवयांची काजळी थोडी उतरली, डोळ्यांतून आलेल्या पाण्याबरोबर. बाकी रंग जागचा हलला नाही.

खरी परीक्षा सकाळी होती. रात्री खोबरेल तेलाने तोंड पुसून प्रफुल्ल झोपले होते. उजाडल्यावर ते खिडकीशी, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले होते. "मेघना, आरसो नको. तूच सांग, कसा आसा?"

मेघना बघत राहिली.

"परत इले? चट्टे इले?" त्यांचा आवाज पडला. "जाऊ दे, चेडवा. तू खूप केलंस."

तेव्हा मेघनाने त्यांचा हात धरला आणि त्यांच्याच गालावरून फिरवला. गाल गार होता, मऊ होता, कुठेही फुगवटा नव्हता. प्रफुल्लनी डोळे उघडले. मग त्या दोघांत कोण जास्त रडलं, ते मी सांगत नाही.

पुढच्या रविवारी दारावर थाप पडली. तात्या आले होते. इकडेतिकडे बघत ते आत आले, मेघनाजवळ बसले आणि त्यांनी मान वळवली. कानामागे, जबड्याखाली, कलीच्या काळ्या रंगाने केलेले जुने चट्टे होते. "कोणाक सांगूक नाय गो आजपर्यंत," ते हळूच म्हणाले. "राक्षसाक खाज सुटता असा कसा सांगायचा?" मेघना हसली नाही. आधी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेते म्हणाली, आणि मग त्यांची बाही वर केली.

त्यांच्यामागून बाकीचे आले. आज आमच्या चाळीच्या गॅलरीत रविवारी बघा. शंखासुर, दुर्योधन, भीम, मोठमोठ्या मिशांचे गडी बाह्या सरसावून, बांगड्या भरायला बसलेल्या बायांसारखे ओळीने हात पुढे करून बसलेले असतात. आणि मेघना एकेकाच्या कोपराला थेंबभर रंग लावून सांगते, "आता वाट बघायची."

मित्रांनो, मी दगड आहे. मला काही टोचत नाही, काही भाजत नाही. तुमचं तसं नाही. तोंडाला लावायची वस्तू बाजारातली असो की परसातली, आधी तिची ओळख करून घ्या. आणि कुणी तुमच्या आनंदासाठी रंग फासून समोर उभा राहत असेल, तर रंग उतरल्यावर त्याचं तोंड कसं दिसतं, तेही एकदा विचारा. माझ्यासाठी मागणं एवढंच, की काम झालं की मला धुऊन उन्हात ठेवा. कोरडा असलो की मी पुढच्या चेहऱ्यासाठी तयार असतो.